चेक इंजिनच्या लाइटसाठी पुण्यातली एसआयपी मोडू नका, आणि ती एसआयपी अशीच चालूही ठेवू नका

फ्रीमाँट, कॅलिफोर्नियाहून एका वाचकाचं पत्र आलंय. थोडक्यात असं: २०१६ ची पेट्रोल सेडान, आजवर फक्त ४१ हजार मैल, कारण काम घरूनच आणि गाडी निघते शनिवार-रविवारी. दीड वर्षात चार वेळा चेक इंजिन लाइट लागला, दर वेळी तोच कोड, पी ०४५६, म्हणजे पेट्रोलची वाफ कुठूनतरी बारीक गळतेय. गॅरेजवाल्याने तीनदा १८० डॉलर घेऊन कोड पुसला, एकदा टाकीचं झाकण बदललं. आता डीलरशिपने १६५० डॉलरचं कोटेशन दिलंय आणि दोन महिन्यांवर स्मॉग चेक, म्हणजे गाडीच्या प्रदूषणाची सरकारी तपासणी, आहे. "कटकटच नको म्हणून ४२ हजारांची हायब्रिड घेतोय, जुनीचे ९ हजार येतात, पुण्यातली एसआयपी मोडून २८ हजार आणतो, उरलेलं बचतीतून. एसआयपी बाबांच्या मित्राने काढून दिलीये, १५ टक्के मिळतायत म्हणतात, तिकडचा टॅक्स भरला की झालं, इकडे दाखवायची गरज नाही. त्या काकांकडे एसआयपी मोडायचा सही केलेला फॉर्म आहे, सोमवारी टाकतील. गाडी घेऊ ना?"

नको. आणि सोमवारचा तो फॉर्म आधी थांबवा, का ते खाली सांगते.

गाडीचं पटकन उरकते. तुमच्या गॅरेजवाल्याने गाडी दुरुस्त केलीच नाहीये, फक्त लाइट घालवलाय. वाफ गळतेय का याची परीक्षा गाडी स्वतःच घेते, पण रोज नाही. गाडी बरेच तास थंड उभी असावी लागते, टाकी अगदी भरलेली किंवा अगदी रिकामी नसावी लागते, आणि साधारणपणे लागोपाठ दोन वेळा चूक सापडली तरच लाइट लागतो. रोज चालणाऱ्या गाडीत हे आठवड्याभरात होतं, तुमच्यासारख्या वीकेंडच्या गाडीत महिना-दीड महिना जातो, तोपर्यंत तुम्हाला वाटतं काम झालं आणि गॅरेजवाल्यालाही तेच वाटतं. शोधायचं काय, तर अर्ध्या मिलीमीटरच्या भोकाएवढी गळती. कमी चाललेल्या गाडीत रबर वापराने नाही तर वयाने जातं, झाकणाचा रबरी वायसर कडक होतो, होजला चिरा पडतात. उभ्या गाडीत कोळीसुद्धा शिरतात, २०११ मध्ये माझदाने उत्तर अमेरिकेत ६५ हजारांच्या आसपास गाड्या परत बोलावल्या होत्या त्या याच सिस्टिमच्या नळीत कोळ्यांनी जाळी केली म्हणून.

तेव्हा पार्ट बदलण्याआधी स्मोक टेस्ट करून घ्या, साधारण १५० डॉलर, नळ्यांमध्ये धूर सोडतात आणि जिथून धूर येतो तिथे गळती. पर्ज व्हॉल्व्ह, म्हणजे साठलेली वाफ इंजिनात सोडणारी झडप, वेगळा काढून तपासायला सांगा, वायर काढलेली असताना त्यातून फुंकर आरपार गेली नाही पाहिजे, गेली तर तो खराब. पार्ट बहुतेक गाड्यांत शंभरच्या आत येतो. आणि तुम्ही पत्रात सहज लिहिलंय की पेट्रोल राउंड फिगरला भरता, ते आजपासून बंद करा. नोझल टक् करून थांबल्यावर वर भरलेलं पेट्रोल चारकोल कॅनिस्टरमध्ये, म्हणजे वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात, जाऊ शकतं, तो वाफेसाठी केलाय, पेट्रोलसाठी नाही, आणि १६५० मधला मोठा आकडा त्याचाच असणार.

अजून एक, बॉनेट उघडून आतलं एमिशनचं स्टिकर वाचा. त्यावर पीझेव असं इंग्रजी अक्षरांत, म्हणजे पी-झेड-ई-व्ही, लिहिलेलं असेल तर कॅलिफोर्नियात त्या गाडीच्या एमिशन पार्टना १५ वर्षं किंवा दीड लाख मैलांची वॉरंटी असते, मग ही दुरुस्ती फुकट व्हायला हवी. डीलर आपणहून सांगेलच असं नाही, तुम्ही विचारा.

म्हणजे खर्च शून्य ते फार तर ५००-६००, आणि कॅनिस्टरच गेलेला निघाला तरी १६५०. त्याच्यासमोर ३३ हजार ठेवताय. सेल्समन म्हणतो हायब्रिड पेट्रोलमध्ये पैसे वसूल करते. तुम्ही वर्षाला चालवता साडेचार हजार मैल. आता १६० गॅलन लागतात, हायब्रिडला ९० लागतील, ७० गॅलन वाचले, वर्षाचे ३००-३५० डॉलर. तेहतीस हजार वसूल व्हायला शंभर वर्षं. शिवाय कॅलिफोर्नियात जुनी गाडी दिली तरी सेल्स टॅक्स नवीच्या पूर्ण किमतीवर लागतो, तुमच्याकडे दहा टक्क्यांच्या वर.

झालं गाडीचं. आता जे तुम्ही विचारलंच नाहीये ते.

"इकडे दाखवायची गरज नाही" हे वाक्य मी तीनदा वाचलं. तुम्ही २०१३ ला आलात, २०१९ ला ग्रीन कार्ड मिळालं, म्हणजे अमेरिकेच्या टॅक्ससाठी तुम्ही केव्हाच रेसिडेंट झालात आणि जगभरातलं उत्पन्न इथे दाखवायचं असतं. बाहेरच्या देशांतल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एक दिवस जरी १० हजार डॉलरच्या वर गेली तरी एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म, भरावा लागतो. तुमचे २५ लाख फंडात आणि ६ लाख जुन्या बचत खात्यात. डॉलर ९० धरला तर ३४ हजार. तुम्ही एकदाही एफबार भरलेला नाहीये. मागच्या वर्षीचं रिटर्न उघडा, त्यातल्या शेड्यूल बी या पुरवणीच्या तळाशी प्रश्न असतो, परदेशात खातं आहे का, आणि समोर दोन चौकटी. तुमची खूण "नाही" समोर असेल अशी मला भीती वाटतेय.

आणि काकांनी जे विकलं ते तुमच्यासाठी नव्हतंच. भारतातले म्युच्युअल फंड अमेरिकेच्या टॅक्स कायद्यात पीएफआयसी, म्हणजे नुसती गुंतवणूक करणारी परदेशी कंपनी, धरले जातात, १९८६ पासूनचा कायदा आहे, परदेशी फंडात पैसे वाढवून टॅक्स पुढे ढकलता येऊ नये म्हणून मुद्दाम कडक केलेला. विकल्यावर नफा मागच्या सगळ्या वर्षांत वाटतात, त्या त्या वर्षाचा सगळ्यात वरचा दर लावतात, २०१८ पासून ३७ टक्के, त्याआधी ३९.६, आणि वर तेवढ्या वर्षांचं व्याज. दर फंडाला वेगळा फॉर्म ८६२१. तुमची एसआयपी महिना १० हजार रुपयांची, चार फंडांत अडीच-अडीच, अकरा वर्षं, म्हणजे १३२ महिने गुणिले चार, पाचशेच्या वर खरेद्या, आणि हिशोब प्रत्येक खरेदीचा वेगळा.

१५ टक्के कुठून आले तेही मला कळलं नाही. १३ लाख भरले, २५ झाले, रुपयात वर्षाला अकरा टक्क्यांच्या आसपास. पण तुम्ही राहता डॉलरमध्ये. भरताना रुपया सरासरी ७४ ला होता, म्हणजे भरले १८ हजार डॉलर, आज २८, नफा १० हजार, वर्षाला आठेक टक्के. त्यातून भारताचा साडेबारा टक्के टॅक्स, सव्वा लाखाची सूट जाऊन, दीड हजार डॉलर. इथला पीएफआयसीचा टॅक्स आणि व्याज चार-पाच हजार, तिकडचं थोडं वजा मिळेल न मिळेल. वर सीएची फी. निम्मा नफा गेला असं धरून चला. इथल्या साध्या इंडेक्स फंडात एवढ्याच नफ्यावर फेडरल टॅक्स १५ टक्के लागला असता, दीड हजार, आणि एकही जादा फॉर्म नाही.

काकांवर मला राग आहे हे स्पष्ट सांगते. बरीच फंड हाउसेस अमेरिकेतल्या एनआरआयचे पैसे घेतच नाहीत, म्हणून तुमचं केवायसी पुण्याच्या पत्त्यावर रेसिडेंट म्हणून ठेवलं गेलं, आणि दुसऱ्या देशात टॅक्स भरता का या फॅटकाच्या (अमेरिकेचा परदेशी खात्यांबद्दलचा कायदा) प्रश्नाला "नाही" लिहून तुमची सही घेतली. बचत खातंही एनआरओ, म्हणजे एनआरआयचं रुपयातलं खातं, करायला हवं होतं, केलं नाही. ते प्रेमाने वागले असतील, पण सही तुमची आहे आणि दंड तुम्हाला होणार.

घाबरून जायचं कारण नाही, कारण खरंच माहीत नसलेल्यांसाठी आयआरएसचा, म्हणजे अमेरिकेच्या टॅक्स खात्याचा, रस्ता आहे, स्ट्रीमलाइन्ड म्हणतात त्याला. तीन वर्षांची रिटर्न्स दुरुस्त करायची, सहा वर्षांचे एफबार भरायचे, आणि का राहिलं ते आपल्या शब्दांत फॉर्म १४६५४ वर खरं खरं लिहायचं. दंड वर्षअखेरच्या सगळ्यात मोठ्या बेरजेच्या ५ टक्के, तुमचे साधारण १७०० डॉलर. दंडातून एवढ्यावर सुटका होते. न जाता पकडले गेलात तर चुकून राहिलं असेल तरी दर वर्षाच्या फॉर्ममागे १० हजारांच्या वर दंड होऊ शकतो (२०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो खात्यागणिक नाही, फॉर्मगणिक असं ठरवलं), आणि जाणूनबुजून लपवलं असं ठरलं तर खात्यातले निम्मे किंवा लाखाच्या वर, जे जास्त असेल ते. आजवर तुम्हाला माहीत नव्हतं, ही तुमची सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे आणि आता हे वाचल्यावर ती तशीच राहणार नाही, म्हणून यात महिने घालवू नका. यावर्षीपासून गुपचूप एफबार भरायला लागू आणि मागचं सोडून देऊ, असंही करू नका.

एसआयपीचा पुढचा हप्ता बंद करा. फंड शेवटी विकायचेच आहेत, पण कोणत्या वर्षी आणि कसे ते हे काम आधी केलेल्या सीएकडून किंवा टॅक्स वकिलाकडून ठरवून घ्या, भेटताना पहिला प्रश्न विचारा की तुम्ही फॉर्म ८६२१ किती भरलेत, गडबडले तर दुसरा बघा. चारही फंडांचं एकत्र स्टेटमेंट मागवा आणि बँकेची सहा वर्षांची, प्रत्येक वर्षातली सर्वात जास्त शिल्लक काढून ठेवा. बाबांचं नाव त्या खात्यावर जोडलेलं असेल तर तेही सीएला सांगा.

आणि काकांना आज, हे वाचून झाल्यावर लगेच मेसेज करा, की सोमवारी फॉर्म टाकू नका, तो मला परत पाठवा. बाबांनाही फोन करा, नाहीतर ते मित्राला म्हणतील, टाकून दे, पोराला गाडी घ्यायचीय.