तुझ्या तरसाची किंमत

प्रिय दोस्ता,

तू बनवत असलेल्या पत्त्यांच्या खेळाची चाळीस कार्डं मिळाली. काल रात्री जेवणं झाल्यावर सगळी टेबलावर मांडून बसलो होतो. चित्रांबद्दल नंतर सविस्तर लिहीन, आज फक्त तुझ्या तरसाबद्दल. किंमत तीन माना (म्हणजे कार्ड उतरवायला खर्चायची शक्ती), पॉवर ३ (तो देतो ते डॅमेज), टफनेस ४ (तो मरायला लागतं ते डॅमेज), आणि मैदानात उतरला की एक कार्ड ओढायचं.

"जास्त होतंय का?" असं तू विचारलंस. नुसत्या तरसाकडे बघून ते कळणार नाही. 'मॅजिक: द गॅदरिंग' या कार्डांच्या खेळाच्या १९९३च्या पहिल्याच संचात ग्रिझली बेअर्स होतं, दोन मानाला २/२, म्हणजे पॉवर २, टफनेस २. अशा कार्डाला खेळाडू अजून 'बेअर'च म्हणतात. पण त्याच संचात लाइटनिंग बोल्टही होतं, एका मानात तीन डॅमेज. त्यामुळे टफनेस तीन आणि चार यांच्यातलं अंतर दिसतं तेवढं लहान नसतं. तिनाचा क्रीचर, म्हणजे मैदानात लढणारा प्राणी, बोल्टने मरतो, चाराचा वाचतो. आता तुझी कार्डं बघ. तीन डॅमेज देणारी तीन आहेत, चार देणारं एकही नाही. म्हणजे तरसाला मारायला समोरच्याला दोन कार्डं खर्चावी लागणार, आणि तू तर उतरतानाच एक ओढून बसलेला. हरणाऱ्याला आपलं कुठे चुकलं हेसुद्धा कळणार नाही, आणि मला सर्वांत जास्त तेच खटकतं.

पॉवर वाढवायचीच असेल तर मालकाला झळ बसू दे. मॅजिकमधलाच जुझाम जिन चार मानाला ५/५ मिळतो, पण दर टर्नला मालकालाच एक डॅमेज देतो.

आता ज्यासाठी मुद्दाम पत्र लिहायला घेतलं ते. पाकिटावर तू लिहिलंयस, "टफनेस काल ३चा ४ केला." त्यानंतर किती डाव खेळलास? २०२४च्या जूनमध्ये मॅजिकमध्ये 'नाडू, विंग्ड विस्डम' हे कार्ड आलं. शेवटच्या चाचण्या उरकल्यावर त्याचा मजकूर बदलला होता, आणि नवा मजकूर कुणी खेळून न बघताच छापला गेला; डिझायनरने स्वतः हे जाहीरपणे सांगितलं. शूकोसारखं शून्य मानात क्रीचरला लावता येणारं कार्ड जवळ असलं, की ते लावून नाडूमुळे प्रत्येक क्रीचरमागे टर्नला दोनदा डेकवरचं कार्ड मिळत राहायचं. एकाच खेळाडूची टर्न संपता संपेना. ऑगस्टमध्ये 'मॉडर्न' या मॅजिकच्या स्पर्धाप्रकारात त्यावर बंदी आली.

माझ्याही हातून हे झालंय. एका छोट्या खेळासाठी मगर केली होती. छपाईच्या आदल्या रात्री तिची किंमत पाचाची चार केली, एवढ्यानं काय होतंय म्हणून. पहिल्याच खेळात एका मुलीनं चौथ्या टर्नला मगर उतरवली आणि समोरच्या मुलानं हातातली कार्डं गुपचूप पालथी ठेवली. त्याचा तो हात मला अजून दिसतो.

तर तरस ३/३ कर. कार्डाच्या प्लास्टिकच्या स्लीव्हमध्ये पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी सरकव, नवीन छापू नकोस. वीस डाव खेळ, त्यातले दहा तरसाच्या विरुद्ध बसून. तरस कितव्या टर्नला उतरला, कशानं मेला, कोण जिंकलं, एवढं वहीत टिपून ठेव. मध्येच एखादा शब्द बदललास तर मोजणी पुन्हा एकपासून.

कार्डं माझ्याकडेच ठेवतोय. माझी पुतणी शनिवारी येतेय, तिला तरसाचा डेक देऊन मी समोर बसणार आहे.

तुझा,
काका