एका टोकाची तार आणि तिचा दुसरा पाय

या महिन्यातली चार पत्रं एकाच अँटेनाबद्दल आहेत. हॅम मंडळी, म्हणजे हौशी रेडिओवाले, जिला ‘एंड-फेड’ म्हणतात ती, एका टोकाला केबल जोडलेली लांब तार. दापोली तालुक्यात आमच्या परसात दोन माडांच्या मध्ये अशीच एक तार नऊ वर्षं आहे. कॉलेजच्या फिजिक्स लॅबमधून निवृत्त झाले त्या वर्षी बांधली. उत्तरं तिच्याच अनुभवावरून देते.

ताई, मागच्या वर्षी रिस्ट्रिक्टेड ग्रेडचं लायसन्स मिळालं. आमची सोसायटी चार मजली, आम्ही तिसऱ्या मजल्यावर. गच्चीत पाण्याच्या टाकीपासून जिन्याच्या खोलीपर्यंत २१ मीटर जागा आहे, तिथे ४९ ला १ चा तयार ट्रान्सफॉर्मर लावून २० मीटर तार बांधली. विकणारा म्हणाला, काउंटरपॉइज (परतीच्या करंटसाठीची जोडवायर) वगैरे काही लागत नाही. एसडब्ल्यूआर (अँटेनाची जुळणी दाखवणारा आकडा, १ म्हणजे उत्तम) १.५ येतो. पण ५० वॉटवर बोलताना माइकला ओठ लागला की चटका बसतो, शेजाऱ्यांचे स्पीकर घरघरतात, आणि केबल हातात धरली की एसडब्ल्यूआरचा काटा हलतो. — पुणे

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं आहे. केबल हातात धरल्यावर काटा हलतो, याचा अर्थ केबलसुद्धा अँटेना झाली आहे.

लॅबमध्ये अकरावीची मुलं पहिल्या दिवशी हमखास बल्बला एकच वायर जोडायची आणि तो लागत नाही म्हणून मला हाक मारायची. परतीची वाट नसेल तर प्रवाह वाहत नाही, हे तेव्हा हातात वायर देऊनच समजावं लागे. तुमच्या तारेलाही तोच नियम आहे. चाळीस मीटर बँडवर, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या आसपास, तुमची २० मीटर तार अर्ध्या तरंगलांबीची होते. अशा तारेच्या टोकाशी इम्पिडन्स, म्हणजे प्रवाहाला होणारा विरोध, फार मोठा असतो, दोन-अडीच हजार ओहम. ४९ ला १ चा ट्रान्सफॉर्मर ५० ओहमचे २४५० करतो, म्हणून जुळणी होते. ५० वॉटला त्या टोकाशी व्होल्टेज ३५० च्या आसपास जातं आणि करंट उरतो जेमतेम ०.१४ अँपिअर. हा करंट इतका लहान असल्यामुळे ‘काही लागत नाही’ असं म्हणायची पद्धत पडली. पण लहान म्हणजे शून्य नव्हे. जितका करंट तारेत जातो, तितकाच ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या टोकाला कुठूनतरी यावा लागतो. तुम्ही वाट दिली नाही, तर तो कोअॅक्स केबलच्या जाळीच्या बाहेरच्या पृष्ठभागाने खाली उतरतो, गच्चीवरून थेट तुमच्या टेबलावर. रिगची (रेडिओ संचाची) बॉडी, माइक, लॅपटॉप सगळे अँटेनाचे भाग होतात. ओठाला बसलेला चटका तोच आहे.

या तारेचं मूळही हेच सांगतं. १९०९ मध्ये हान्स बेगेरो या जर्मन माणसाने हवाई जहाजांसाठी, म्हणजे झेपेलिनसाठी, अशा अँटेनाचं पेटंट घेतलं होतं. अर्ध्या तरंगाची तार खाली लोंबत असे आणि तिला दोन समांतर तारांच्या फीडरने पुरवठा होई. त्यातली एक तार अँटेनाला जोडलेली, दुसरीचं टोक मोकळं. ती मोकळी तार म्हणजेच दुसरा पाय, आजचा काउंटरपॉइज. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी त्या माणसाने जो पाय ठेवला, तो आज विकणारे ‘लागत नाही’ म्हणून काढून टाकतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. नवा माणूस पहिल्याच महिन्यात चटके खातो, शेजाऱ्यांची बोलणी खातो आणि छंद सोडून देतो.

आता उपाय. ट्रान्सफॉर्मरच्या डब्यावर केबलच्या जाळीशी जोडलेला स्क्रू असेल. त्याला साधारण २ मीटरची साधी वायर जोडा आणि मुख्य तारेच्या विरुद्ध दिशेला भिंतीलगत सोडा. चाळीस मीटर बँडच्या तरंगलांबीचा हा विसावा भाग होतो, एवढा पुरतो. मग केबल डब्यातून बाहेर पडते तिथेच चोक, म्हणजे जाळीवरचा करंट अडवणारी गुंडाळी, लावा. ३१ किंवा ४३ मटेरियलचा २.४ इंची टॉरॉइड (फेराइटची कडी) घ्या आणि त्यावर आरजी-५८ केबलचे दहा-बारा वेढे द्या. वेढे एकावर एक चढू देऊ नका. एवढं झालं की पुन्हा केबल हातात धरून बघा. काटा स्थिर राहिला पाहिजे. कदाचित एसडब्ल्यूआर आधीपेक्षा थोडा वाढलेला दिसेल. घाबरू नका, आधीचा १.५ केबलच्या मदतीने आलेला होता. आता तार थोडी कमी-जास्त करून तो खरा १.५ करा.

डब्याचा तो स्क्रू इमारतीच्या विजेच्या अर्थिंगला किंवा नळाच्या पाइपला मात्र जोडू नका. अर्थिंगच्या वायरवर लिफ्टची मोटर, एलईडीचे ड्रायव्हर, चार्जर यांचा सगळा गोंगाट असतो. ज्या वाटेने तुमचं प्रसारण खाली येत होतं, त्याच वाटेने घरातला हा आवाज वर चढून रिसीव्हरमध्ये येतो. माझ्याकडे संध्याकाळी रिगच्या सिग्नल मीटरवर एस-७ वर असलेला खरखराट चोक लावल्यावर एस-४ वर आला. आधी ऐकूही न येणारी स्टेशनं त्याच्या खाली दबलेली होती.

आणखी एक, आणि हे नक्की करा. गच्चीत उन्हाळ्यात पापड-कुरडया वाळत घालायला बायका येतात, मुलं खेळतात. व्होल्टेज तारेच्या दोन्ही टोकांना जास्त असतं, दूरच्या मोकळ्या टोकालाही. दोन्ही टोकं हात उंच करूनही पोहोचणार नाहीत इतकी वर बांधा. मध्यभाग तर त्याहून उंच हवा, कारण चाळीस मीटरवर करंट सगळ्यात जास्त तारेच्या मधोमध असतो, आणि तरंग मुख्यतः तिथूनच निघतात. टाकीवर एक बांबू उभा केलात तरी फरक कळेल.

शेतात आंबा ते बोअरची खोली असं ३५ मीटर अंतर आहे. एक मित्र ९ ला १ चा बालन घे म्हणतो, दुसरा ४९ ला १ चा. कोणता घेऊ? — सांगली

बालन म्हणजे इथे तोच जुळणीचा ट्रान्सफॉर्मर. ४९ ला १ घ्या आणि तार २० मीटरचीच ठेवा. उरलेल्या अंतरात दोर येईल. एवढ्या तारेवर ४०, २०, १५ आणि १० मीटर हे चारही बँड बहुतेक ट्यूनरशिवाय (जुळणी करून देणाऱ्या वेगळ्या डब्याशिवाय) मिळतात, कारण वरचे बँड ७ मेगाहर्ट्झच्या पटीत आहेत. ९ ला १ चं काम वेगळं आहे. तिथे तार मुद्दाम कोणत्याच बँडला अर्ध्या तरंगाची बसणार नाही अशी कापतात, ट्यूनर लागतोच, आणि टोकाशी करंट जास्त असल्याने दुसरा पायही मोठा लागतो. फिरतीवर सोयीचा आहे. घरच्या शेतात एकदाच नीट बांधायचं असेल तर त्याची गरज नाही.

शक्य असेल तर ट्रान्सफॉर्मर स्वतः गुंडाळा. एफटी-२४०-४३ हा टॉरॉइड, एक मिलीमीटर जाडीची इनॅमल वायर, प्रायमरीला २ वेढे, सेकंडरीला १४. सुरुवातीचे दोन वेढे प्रायमरी-सेकंडरी एकमेकांत पिळून घ्यायचे. इनपुटला १०० पिकोफॅरडचा तीन हजार व्होल्टचा कपॅसिटर लावला की १० मीटर बँडवर जुळणी सुधारते. तार जोडण्याआधी सेकंडरीला २.२ के आणि २२० ओहमचे रेझिस्टर सिरीजमध्ये लावा, म्हणजे २४२० ओहम झाले. नॅनोव्हीएनए या छोट्या मोजणी-यंत्रावर एसडब्ल्यूआर १ च्या जवळ आला तर ट्रान्सफॉर्मर चांगला. मी एकदा तयार डबा घेतला होता, त्यात आत कोणता कोअर आहे हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. पाच मिनिटं एफटी-८ (संगणकावरून संदेश पाठवायची पद्धत) चालवल्यावर झाकणाला हात लावला तर चांगलंच गरम. अर्धी पॉवर कोअरमध्येच जिरत होती. तेव्हापासून हा रेझिस्टरचा प्रयोग केल्याशिवाय मी काहीच वर चढवत नाही.

तार २०.६ मीटर कापा, मग टोक मागे दुमडत जा, लगेच छाटू नका. ७ मेगाहर्ट्झवर दर १० सेंटिमीटरला रेझोनन्स साधारण ३५ किलोहर्ट्झने सरकतो. ६.९५ वर बसली असेल आणि ७.१ हवं असेल, तर चाळीसेक सेंटिमीटर दुमडावी लागेल. घरातल्या वायरिंगची पीव्हीसी वायर चालते, तिच्यावरच्या आवरणामुळे लांबी उघड्या तांब्यापेक्षा थोडी कमी भरते. दुसरा पाय बांधाच्या कडेने दोन बोटं खोल पुरून टाका, नांगराच्या फाळात सापडणार नाही.

तुमच्या शेतावरून पंपाची विजेची लाइन जाते का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. जात असेल तर तिच्या वरून किंवा खालून तार न्यायची नाही. झाडावर दोर टाकण्यासाठी दगड बांधून फेकतानाही लाइनच्या दिशेने फेकायचा नाही. तुमची तार सुटली, उडाली किंवा झोका घेतला तरी लाइनपर्यंत पोहोचणार नाही इतकं अंतर हवं. ते मिळत नसेल तर दुसरी जागा शोधा, या बाबतीत दुसरा मार्ग नाही.

मॅडम, उन्हाळ्यात १.३ असलेला एसडब्ल्यूआर पावसाळ्यात ३ वर जातो आणि ऊन पडलं की परत येतो. — मालवण

तुमच्या माझ्या गावांचा पाऊस एकच, त्यामुळे हे दुखणं मला चांगलं ठाऊक आहे. आधी दूरचं टोक बघा. माझ्याकडे दोन पावसाळे हाच घोळ होता. डबा उघडला, कोरडा ठाक. केबल बदलली, तरी तेच. मग एका सकाळी पावसात छत्री घेऊन माडाखाली उभी राहिले, तेव्हा दिसलं. वाऱ्याचा झोत आला की एक ओली झावळी तारेच्या शेवटच्या हातभर भागावर येऊन टेकत होती, आणि आत बसलेला मुलगा ओरडून सांगत होता, ‘आई, आता तीन झाला!’ मधल्या भागाला झावळी टेकली असती तर एवढं बिघडलं नसतं. टोकाशी व्होल्टेज जास्त, म्हणून तिथे ओल्या पानाचा स्पर्श फार जाणवतो. पाडेली नारळ काढायला आला तेव्हा तेवढ्या झावळ्या उतरवून घेतल्या आणि टोकाचा इन्सुलेटर झाडापासून दोन मीटर अलीकडे आणला.

टोक मोकळं असूनही फरक पडला नाही, तर केबल बघा. डब्याजवळचा वीतभर तुकडा कापून आवरण सोला. जाळी लखलखीत असेल तर ठीक. काळी-हिरवी पूड बोटाला लागली, तर पाणी आत गेलेलं आहे, आणि पुढे अजून काही मीटर तशीच निघेल. अशा जाळीला सोल्डरचा डाग धरतच नाही, कितीही फ्लक्स लावा. आपल्याकडची खारी हवा तांब्याला सोडत नाही. केबल डब्यात खालून घ्या, आत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल, जोडावर स्वतःत विरघळून एकजीव होणारी रबरी टेप ताणून गुंडाळा, आणि डब्याच्या तळाला तीन मिलीमीटरचं एक भोक पाडा. डबा पूर्ण बंद करायचा हट्ट मी सोडला आहे, आतली दमट हवा रात्री थंड होऊन पाणी होते आणि तिला बाहेर पडायला जागा लागते. बोल्ट सगळे स्टेनलेस स्टीलचे घ्या.

माड हलतो, हे विसरू नका. पहिल्या वर्षी मी तार घट्ट बांधली आणि जूनच्या वाऱ्यात ती डब्यावर तार जोडायच्या पट्टीजवळ (लगजवळ) तुटली. आता दूरच्या टोकाचा दोर कप्पीवरून घेऊन त्याला वाळूने भरलेली दोन लिटरची बाटली लटकवली आहे. माड झुकला की बाटली वर जाते, सावरला की खाली येते, तारेवर ताण येत नाही. बाटलीखालून कोणाची वाट जात नाही ना, तेवढं बघा. वळीव किंवा परतीचा पाऊस गडगडायला लागला की केबल घराबाहेरच सोडून टाका, रिग बंद करून भागत नाही.

मी अकरावीत आहे. लायसन्सची परीक्षा द्यायची आहे, तोपर्यंत ऐकायचं आहे. आमच्याकडे फक्त दुसऱ्या मजल्याची गॅलरी आहे. २० मीटर तार कुठे लावू? — नागपूर

तुला २० मीटर लागतच नाही. २८ मेगाहर्ट्झच्या बँडला अर्धा तरंग ५ मीटरचा होतो. गच्चीच्या कठड्यावरून आईबाबांना विचारून पाच मीटर वायर सरळ खाली सोड, गॅलरीच्या लोखंडी ग्रिलपासून हातभर लांब ठेव. दुपारी ऊन असताना २८.४ च्या आसपास यूएसबीवर (अपर साइडबँड, रिसीव्हरवरचा एक मोड) ऐक. सूर्यावर डाग भरपूर असण्याच्या काळात तिथे दूरचे देश सहज येतात. संध्याकाळी तीच तार घेऊन ७ मेगाहर्ट्झवर एलएसबी (लोअर साइडबँड) लाव, लांबी जुळत नसली तरी ऐकण्यापुरती ती चालते, आणि तिथे आपल्याच राज्यातली माणसं मराठीत बोलताना सापडतील. एक वही कर. वेळ, फ्रिक्वेन्सी, कॉलसाइन, आवाज किती स्पष्ट, एवढं रोज लिही. पहिलं पान भरलं की मला पाठव.