गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये (सांध्याची झीज होण्याच्या आजारात) उपचारांनी फरक पडला की नाही, हे कसे मोजतात?

केवळ एक्स-रेवरून हे ठरत नाही, कारण त्यात दिसणारी झीज आणि रुग्णाला जाणवणारी वेदना यांचा मेळ बरेचदा बसत नाही. म्हणून रुग्णालाच विचारतात. वोमॅक या प्रश्नावलीत २४ प्रश्न असून त्यांपैकी ५ वेदनेचे, २ ताठरपणाचे आणि तब्बल १७ जिना चढणे, मोजे घालणे अशा दैनंदिन हालचालींचे असतात. प्रचलित पद्धतीत प्रत्येकाला ० ते ४ गुण देतात आणि बेरीज जितकी जास्त तितका त्रास जास्त. मात्र वेदना घटली म्हणजे हालचाल सुधारलीच असे नाही (चालणेच टाळले तर दुखणारही कमीच), त्यामुळे ३० सेकंदांत हातांचा आधार न घेता खुर्चीतून किती वेळा उठता येते, हेही उपचारांपूर्वी व नंतर मोजावे, असे माझे मत आहे.