लाइव्ह कार्यक्रमांसाठी पोर्टेबल डिजिटल पियानो निवडताना आवाज कसा पारखावा?

यामाहा पी-225, रोलँड एफपी-30एक्स, कावाई ईएस-120 आणि कॅसिओ पीएक्स-एस1100 यांपैकी आवाजाला चांगला आणि कार्यक्रमांना नेता येईल असा पियानो कोणता, असे आपण विचारले आहे. माझे मत असे की, हेडफोन लावून किंवा पियानोच्याच स्पीकरवर ऐकून हा निर्णय घेऊ नये. या चौघांचे स्पीकर प्रत्येकी साधारण 7 ते 11 वॅटचे आहेत; ड्रम सुरू झाले की वाजवणाऱ्यालाही ते ऐकू येत नाहीत. श्रोत्यांपर्यंत पोहोचतो तो लाइन आउटमधून (आवाज बाहेरच्या यंत्रणेला देण्याच्या जॅकमधून) मिक्सरकडे गेलेला आवाज.

या चौघांनाही वेगळे लाइन आउट आहे. रोलँड एफपी-10 किंवा यामाहा पी-145 यांना मात्र केवळ हेडफोनचा जॅक असतो. त्यातूनही काम भागते, पण पिन घातली की आतले स्पीकर सहसा बंद होतात.

खरी अडचण मोनोची, म्हणजे डावी-उजवी बाजू वेगळी न ठेवता एकत्र केलेल्या आवाजाची आहे. बहुतेक डिजिटल पियानोंचे नमुने (त्यांत साठवलेले खऱ्या पियानोचे स्वर) दोन किंवा अधिक मायक्रोफोन लावून स्टिरिओमध्ये ध्वनिमुद्रित केलेले असतात, आणि एकच स्वर प्रत्येक मायक्रोफोनपर्यंत किंचित वेगळ्या वेळी पोहोचलेला असतो. अनेक ठिकाणी साउंड सिस्टीम मोनो असते; तिथे डावी-उजवी बाजू एकत्र केली की काही कंपने एकमेकांना खोडतात आणि हेडफोनवर भरदार वाटलेला पियानो पोकळ, लांबून आल्यासारखा वाटू लागतो. म्हणून दुकानात फक्त डाव्या जॅकला केबल लावून (म्हणजे दोन्ही बाजू एकत्र होऊन मोनो आवाज मिळतो) ती एखाद्या अॅम्प्लिफायरला जोडावी आणि मधल्या दोन सप्तकांतील स्वर एकेक करून, सारख्याच जोराने वाजवावेत. एखादा स्वर शेजारच्यापेक्षा बारीक किंवा दबलेला निघाला, तर बँडमध्ये तो हमखास हरवतो. ही परीक्षा फार थोडे लोक घेतात, याचे मला वाईट वाटते.

माझ्या कानाला कावाईचा स्वर गोलसर वाटतो आणि गायकाच्या साथीला तो फार शोभतो. यामाहाचा स्वर उजळ असल्यामुळे गिटार आणि ड्रमच्या गर्दीतूनही वर येतो. पट्ट्यांचा प्रतिसाद मला रोलँडचा सर्वांत आवडतो, पण त्याचे वजन 14.8 किलो आहे, तर यामाहा आणि कॅसिओ साडेअकरा किलोच्या आतबाहेर आहेत. पियानो ठेवायची पेटी, स्टँड आणि पेडल धरून जिना चढताना हा फरक चांगलाच जाणवतो. कॅसिओ बॅटरीवरही चालतो, ही मोठी सोय आहे. मात्र त्याची बांधणी अरुंद असल्याने काळ्या पट्ट्यांच्या मधे, आत बोटे घालून वाजवताना पट्टी जड लागते. शास्त्रीय पियानो वाजवणाऱ्याने हे आधी हाताने पाहून घ्यावे.

आपण बँडबरोबर वाजवणार असाल आणि वाद्य स्वतः उचलणार असाल, तर मी यामाहा सुचवेन. नेण्याआणण्याला गाडी असेल, तर रोलँड.

कोणताही घेतला तरी सोबत डीआय बॉक्स (पियानो आणि मिक्सर यांच्या मधे जोडायची छोटी डबी) ठेवावा. लाइन आउटची साधी केबल लांबवर नेली की तिच्यात गुणगुण शिरते. डीआय बॉक्समुळे सिग्नल बॅलन्स्ड (वाटेत शिरलेली गुणगुण खोडता येईल असा) होऊन मिक्सरपर्यंत स्वच्छ जातो. त्यावर ग्राउंड लिफ्टचे (अर्थिंगची जोडणी तोडून गुणगुण थांबवणारे) बटण असेल असाच घ्यावा, आणि आवाज घुमत असल्यास मिक्सरवर 200 ते 400 हर्ट्झचा पट्टा थोडा कमी करायला सांगावे.