अक्ताऊला पहिल्यांदा जाताय? हे वाचा

टॅक्सीवाल्याला रस्त्याचं नाव सांगायच्या भानगडीत पडू नका, इथले पत्ते आकड्यांचे: वसाहत, इमारत, घर. मी हॉटेलचं नाव घोकून गेलो होतो, ड्रायव्हर नुसता बोटं नाचवून "कितवी?" विचारत राहिला. आकडे कागदावर लिहून खिशात ठेवा.

कझाकस्तानचं हे कॅस्पियनकाठचं बंदर सोव्हिएत काळात युरेनियमसाठी ओसाड वाळवंटात आखून वसवलं. गोडं पाणी जवळपास नाहीच! म्हणून १९७३ पासून बीएन-३५० अणुभट्टी विजेसोबत समुद्राचं पाणी गोडं करायलाही राबली. १९९९ ला ती बंद झाली. १९६४ ते १९९१ शहराचं नाव होतं शेवचेंको. युक्रेनी कवी तारास शेवचेंको याच मुलखात हद्दपारीत होता.

रहिवासी इमारतीच्या गच्चीवरचं दीपगृह मात्र चुकवू नका. खाली बाल्कनीत कपडे वाळतायत, वर जहाजांसाठी दिवा! बाकी शहर अर्ध्या दिवसात उरकतं. उरलेला वेळ तोरिशचे दगडी गोळे आणि बोझ्झिराच्या पांढऱ्या कड्यांना द्या. जीप आणि स्थानिक ड्रायव्हर हवाच, पाणी दुप्पट घ्या.

आणि अझरबैजानच्या बोटीच्या भरवशावर पुढचं विमान बुक करू नका. ती मालाची बोट, वेळापत्रक तिला ठाऊक नाही.