वक्तृत्व चांगलं असेल तर लंडनमध्ये बॅरिस्टर होऊन मोठ्या आर्थिक फसवणुकीच्या दाव्यांत करिअर होईल का? पैसे किती मिळतात?

वक्तृत्वाचं राहू द्या. शाळेत टिळकांवरच्या भाषणाला मिळालेली माझी ढाल आईने अजून ठाण्याच्या घरी शोकेसमध्ये ठेवलीय, पण रोल्स बिल्डिंगमध्ये, म्हणजे लंडनमध्ये असे दावे चालतात त्या कोर्टात, तिचा उपयोग शून्य. या दाव्यांत ज्युरी जवळपास नसतेच. समोर एकटा जज, आणि तो तुमचं लेखी म्हणणं वाचूनच आलेला असतो. आवाज चढवलात तर तो पेन खाली ठेवून तुमचं संपायची वाट बघतो.

फसवणुकीच्या दाव्यात निकालाच्या कितीतरी आधी पैसा गोठवावा लागतो. 1975 च्या मरेव्हा खटल्यापासून हे हत्यार आहे. आता त्याला फ्रीझिंग ऑर्डर म्हणतात. आपल्या बँकांनी विजय मल्ल्यांच्या मालमत्तेवर लंडनहून आणलेला हुकूम याच जातीचा. प्रतिवादीला सुगावा लागू न देता जजकडे जायचं. पण तो हजर नसतो, म्हणून त्याच्या फायद्याचं जे असेल तेही तुम्हीच सांगायचं, अशिलाला कितीही झोंबलं तरी.

इथेच मी माती खाल्ली.

बारमध्ये, म्हणजे बॅरिस्टर म्हणून, माझं तिसरं वर्ष. (तपशील बदललेत.) अशील एक घरगुती कंपनी, तिच्या जुन्या फायनान्स डायरेक्टरने 40 लाख पौंड फिरवले असा दावा. गुरुवारी रात्री बंडल (कोर्टात द्यायच्या कागदांचा गठ्ठा) चाळताना पान 1146 वर एक ईमेल सापडली. ज्या पेमेंटबद्दल आम्ही 'लपवून केलं' म्हणत होतो, त्याचेच आभार मालकाने वर्षभरापूर्वी मानले होते. 'थँक्स, गुड जॉब', बस. मी पिवळी चिठ्ठी लावली आणि सीनियरना म्हटलं, हे ॲफिडेव्हिटमध्येच यायला हवं. ते म्हणाले, "एक्झिबिटमध्ये, जोडलेल्या कागदांत, आहे ना? मग सांगितल्यासारखंच आहे." मी चिठ्ठी काढली.

शुक्रवारी वीस मिनिटांत हुकूम मिळाला. पुढच्या तारखेला प्रतिवादीचा वकील उठला आणि शांतपणे म्हणाला, माय लॉर्ड, पान 1146. जजने पान उघडलं, वाचलं आणि आमच्याकडे बघितलं. कागद गठ्ठ्यात घातला म्हणजे कोर्टाला सांगितला असं होत नाही, हे जुनं तत्त्व त्यांनी आम्हाला पुन्हा शिकवलं. हुकूम उठला, वर खर्च बसला. दीड वर्षाने दावा आम्हीच जिंकलो, पण तोवर त्याचं खातं रिकामं.

सीनियर आजही म्हणतात, जज कडक होता. अजिबात नव्हता. ती ईमेल आम्हीच पहिल्या पानावर टाकली असती, तर फार तर त्या एका पेमेंटपुरता आकडा कमी झाला असता. म्हणून तुम्हाला माझा सल्ला एकच: रात्री अकरा वाजता, तुमच्याहून वीस वर्षं मोठ्या माणसाला, ज्याच्या एका शब्दावर तुमचं पुढचं काम अवलंबून आहे, 'नाही सर, हे वर यायला हवं' असं म्हणता येईल का ते आधी बघा. अशिलालाही म्हणावं लागतं. अशील 'त्याने लबाडी केली असं लिहा' म्हणाला म्हणून दाव्यात लबाडीचा आरोप लिहिता येत नाही. हाताशी तसा पुरावा लागतो, नाहीतर चौकशी तुमचीच.

पैशांचं म्हणाल तर बडी कमर्शियल चेंबर्स (बॅरिस्टरांची सामाईक ऑफिसं) प्युपिलेजच्या, म्हणजे उमेदवारीच्या, वर्षाला 70 हजार पौंडांच्या वर देतात. जागा मात्र मूठभर, आणि अर्ज करणारे ऑक्सफर्ड-केंब्रिजचे ढीगभर. त्यानंतर तुम्ही स्वतंत्र धंदेवाले: पगार नाही, आजारपणाची रजा नाही, केलेल्या कामाची फी सहा-सहा महिने येत नाही आणि चेंबर्समध्ये आपली कामं नि फी बघणारा क्लार्क त्यासाठी फोन करत बसतो.

आणि हो, हे सगळं लंडनच्या कमर्शियल बारपुरतं. फौजदारीत ज्युरी असते, तिथे तुमचं वक्तृत्व चालेलही. भारतात वकिली केली असेल तर बार स्टँडर्ड्स बोर्डाकडे (बॅरिस्टरांवर देखरेख ठेवणारी तिथली संस्था) अर्ज करून काही टप्प्यांत सूट मिळू शकते. ते विचारल्याशिवाय कुठल्याही कोर्सची फी भरू नका.