जुन्या स्टिरिओपासून होम थिएटरपर्यंत टप्प्याटप्प्याने जायचं असेल, तर आधी काय बदलावं?

तुमच्याकडे दोन स्पीकर, स्टिरिओ अँप्लिफायर, डीव्हीडी प्लेअर आणि जुना टीव्ही आहे. सगळं एकदम बदलायचं नाही, पण दरवेळी केलेला खर्च पुढच्या वेळी वाया जाऊ नये, असा तुमचा प्रश्न आहे. माझं मत स्पष्ट आहे: जी वस्तू सर्वांत सावकाश जुनी होते तिच्यावर आधी आणि सढळ खर्च करा, जी भराभर जुनी होते ती शेवटी आणि गरजेपुरती घ्या. चांगला स्पीकर वीस-पंचवीस वर्षं सहज चालतो. रिसीव्हर, म्हणजे सगळ्या स्पीकरना आवाज वाटणारा होम थिएटरचा अँप्लिफायर, सहसा बिघडत नाही, पण एचडीएमआयची (चित्र आणि आवाज एकाच केबलने नेणाऱ्या जोडणीची) आवृत्ती बदलली की मागे पडतो. टीव्हीमधली अ‍ॅप्स त्याहून लवकर थकतात.

म्हणून सुरुवात आहेत त्या स्पीकरपासून करा. जाळी काढा आणि शंकूभोवतीची लवचीक कड बोटाने हलकेच दाबा. कड फोमची असेल तर दहा-पंधरा वर्षांत तिचा भुगा होतो आणि खालचे सूर फाटके येतात. तेवढ्यावरून स्पीकर टाकून देऊ नका. शंकूचा व्यास आणि कडेचा बाहेरचा व्यास मोजून नवी कड बसवून घेता येते. रबरी कड बरीच जास्त टिकते. अँप्लिफायरचा व्हॉल्यूम फिरवताना खरखर होत असेल, तर वीज काढून त्या नॉबच्या आत काँटॅक्ट क्लीनर मारायचा आणि नॉब वीसेक वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचा.

यानंतर लोक थेट पाच स्पीकरचा संच घेतात. मी आधी सबवूफर, म्हणजे फक्त खर्जाचा स्पीकर, घ्यायला सांगेन, कारण त्याने जो फरक पडतो तो मागच्या दोन स्पीकरनी पडत नाही. मात्र तो कोपऱ्यात ढकलून मोकळं होऊ नका. खोलीची लांबी ४.३ मीटर असेल, तर ध्वनीचा वेग भागिले लांबीची दुप्पट, म्हणजे ३४३ ÷ ८.६, सुमारे ४० हर्ट्झचा सूर त्या खोलीत काही ठिकाणी घुमतो आणि काही ठिकाणी जवळजवळ गायब होतो. तुमची बसायची जागा नेमकी गायब होण्याच्या ठिकाणी असेल, तर सबवूफरचा आवाज कितीही वाढवा, उपयोग नाही. उपाय असा: सबवूफर तात्पुरता सोफ्यावर, तुमच्या जागी ठेवा, खर्जात चढउतार असलेलं संगीत लावा आणि भिंतीच्या कडेने खाली वाकून फिरा. जिथे प्रत्येक सूर सारख्या जोराने ऐकू येतो, ती सबवूफरची जागा.

रिसीव्हर आल्यावर सेटिंगमध्ये सगळे स्पीकर ‘स्मॉल’ ठेवा, क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा खर्ज सबवूफरकडे जातो तो आकडा) ८० हर्ट्झ ठेवा आणि सबवूफरवरचा क्रॉसओव्हरचा नॉब शेवटपर्यंत वर नेऊन ठेवा, नाहीतर एकच कापणी दोनदा होते. रिसीव्हरने माइक लावून स्पीकरची आपोआप मोजणी केल्यावर सबवूफरची पातळी उणे १२ डेसिबलला जाऊन थांबली असेल, तर सबवूफरवरचाच आवाज जास्त आहे. तो कमी करून पुन्हा मोजा, आकडा शून्याच्या आसपास आला पाहिजे. मोजणीचा माइक कानाच्या उंचीवर, स्टँडवर लावा. सोफ्याच्या पाठीवर ठेवलेला माइक परावर्तित आवाजही मोजतो.

सेंटर, म्हणजे मधला संवादांचा स्पीकर, पुढच्या जोडीच्याच मालिकेतला हवा. जुनी मालिका मिळत नसेल, तर विजोड सेंटर घेण्यापेक्षा सेटिंगमध्ये सेंटर ‘नाही’ ठेवा. संवाद दोन्ही स्पीकरमधून मधोमध उमटतील. मध्यावर एक-दोघंच बसत असतील, तर हे उत्तम चालतं.

वायरवर फार विचार करू नका, पण चुकीचीही घेऊ नका. जाऊन-येऊन वायरीचा रोध स्पीकरच्या इम्पिडन्सच्या ५ टक्क्यांच्या आत असावा. १० मीटर अंतरासाठी दीड चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीचा रोध ०.२३ ओहम होतो. ८ ओहमच्या स्पीकरला तो चालतो, ४ ओहमला नाही, तिथे अडीचची वायर घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर स्वस्त पडते, पण तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो.

भिंतीचं काम निघालंच, तर टीव्ही आणि रिसीव्हरच्या मध्ये ४० मिलिमीटरचा पाइप टाका, वळणं मोठी ठेवा आणि आत ओढायची दोरी कायमची राहू द्या. एचडीएमआयचा प्लग सुमारे २० मिलिमीटर रुंद असतो, २५ च्या पाइपात तो पहिल्याच वळणावर अडकतो. केबल भिंतीत चिणून टाकू नका, ती बदलावी लागणारच. साधी तांब्याची केबल पाचेक मीटरपर्यंत ठीक, नव्या ४८ गिगाबिटच्या वेगासाठी तीन मीटरच्या आसपास थांबा. त्यापुढे ऑप्टिकल एचडीएमआय लागते. तिला दिशा असते: एक टोक यंत्राचं, दुसरं टीव्हीचं. उलटी ओढली तर चित्र येत नाही आणि लोक टीव्हीला दोष देतात. चित्रात पांढरे ठिपके चमकणं किंवा मधेच क्षणभर काळा पडदा येणं, ही केबल कमी पडत असल्याची खूण.

आता सगळ्यात जास्त गोंधळ होतो ती जागा: नवा ४के टीव्ही आणि जुना रिसीव्हर. जुन्या रिसीव्हरमध्ये एचडीसीपी २.२ (नक्कल रोखणारं कुलूप) नसेल, तर ४के चित्रपट त्यातून पुढे जात नाही. पडदा काळा राहतो किंवा चित्र १०८० वर उतरतं. त्यासाठी रिसीव्हर बदलायची गरज नाही. सगळी यंत्रं थेट टीव्हीला जोडा आणि आवाज टीव्हीतून एआरसीने, म्हणजे एचडीएमआय केबलमधूनच उलट दिशेने, रिसीव्हरकडे आणा. जुन्या एआरसीने दाबलेला ५.१ (पाच स्पीकर आणि सबवूफरचा) आवाज येतो, डिस्कवरचा पूर्ण, न दाबलेल्या दर्जाचा ट्रूएचडी आवाज हवा असेल तर दोन्हीकडे ईएआरसी, म्हणजे एआरसीची सुधारित आवृत्ती, लागतं. ऑप्टिकल केबलमधून डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस ५.१ येतो, त्याहून जास्त नाही. सध्याच्या स्टिरिओ अँप्लिफायरला टीव्ही जोडायचा असेल, तर मध्ये डॅक (डिजिटल आवाजाचा अ‍ॅनालॉग करणारी डबी) लावा आणि टीव्हीचा ऑडिओ ‘पीसीएम’ वर, म्हणजे साध्या स्टिरिओवर, ठेवा, नाहीतर नुसती शांतता किंवा खरखर मिळेल.

टीव्ही घेताना अंतर मोजा: ५५ इंचासाठी १.७ ते २.३ मीटर. इनपुटच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय ‘एन्हान्स्ड’ करायला विसरू नका, अनेक टीव्हींवर ते बंद असतं आणि एचडीआर (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला) पूर्ण मिळत नाही. अ‍ॅप्ससाठी टीव्ही बदलू नका, वेगळा स्ट्रीमिंग बॉक्स पुरतो.

रिसीव्हर घ्याल तेव्हा वॅटच्या आकड्याकडे कमी बघा. ८० आणि १०० वॅटमध्ये जेमतेम एक डेसिबलचा फरक आहे. आज पाचच स्पीकर असले तरी सात चॅनेल घ्या, पुढे छतातले दोन जोडता येतात. वरती १०-१५ सेंटिमीटर हवा खेळू द्या. आणि मागे ‘प्री-आउट’ (दुसऱ्या अँप्लिफायरला सिग्नल देणारी जोडणी) असलेला बघा, ही माझी आग्रहाची सूचना. त्यामुळे तुमचा जुना स्टिरिओ अँप्लिफायर अडगळीत जात नाही: पुढच्या डाव्या-उजव्या प्री-आउटमधून आरसीए वायरीने त्याच्या ऑक्स इनपुटला सिग्नल द्या, पुढचे दोन स्पीकर त्याच्यावरच राहू द्या आणि रिसीव्हरवरचा भार हलका करा. त्याचे बास-ट्रेबल मधोमध ठेवा, व्हॉल्यूम एका जागी ठरवून चिकटपट्टीने खूण करा आणि मगच मोजणी चालवा. तो नॉब कुणी हलवला, की मोजणी पुन्हा करावी लागते.